व्हिजन थेरपी कुठल्या क्रमाने करायची: आधी मोजमाप, मग चष्मा, मग दोरा-मणी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातून डोळे दाखवायला येणाऱ्या पालकांचं म्हणणं बहुतेक वेळा एकाच साच्यातलं असतं. "पोरगं हुशार आहे हो, पण वाचायला बसलं की डोळं चोळतंय." इथवर ठीक आहे. पुढे विचारलं की कळतं, तीन महिन्यांपासून मोबाइलवरचे डोळ्यांचे व्यायाम चालू आहेत, कुणी रंगीत काचेचा चष्मा दिलाय, कुणी पॅकेजचे पैसे भरलेत. आणि थेंब टाकून चष्म्याचा नंबर काढलाय का, तर नाही. अपघातातून किंवा पक्षाघातातून उठलेल्या माणसांचंही असंच. काम सगळं होतं, क्रम उलटा होतो.

हा लेख व्हिजन थेरपीच्या त्या क्रमासाठी आहे: आधी डोळ्यांचं मोजमाप, मग चष्मा, आणि दोऱ्यात ओवलेल्या मण्यांवर नजर जुळवण्यासारखे व्यायाम त्यानंतर. मूल तुमचं असो वा घरात डोक्याला मार लागलेलं माणूस असो, टप्पे त्याच ओळीने घ्या. मेंदूच्या दुखापतीसाठी सातवा टप्पा वेगळा आहे, पण पहिले चार त्यांनाही लागू आहेत.

## सुरुवातीलाच: काय मिळेल, काय मिळणार नाही

व्हिजन थेरपी म्हणजे दोन्ही डोळे एकत्र वळवणं, जवळ-लांब फोकस बदलणं आणि नजर ओळीवरून नीट सरकवणं यांचा, मोजमाप घेऊन दिलेला सराव. तिचा सगळ्यात भक्कम पुरावा एका दोषासाठी आहे: कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी. जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळायला हवेत, ते पुरेसे वळत नाहीत किंवा वळून टिकत नाहीत. मग अक्षरं दोन दिसतात, हलतात, ओळ निसटते, कपाळ दुखतं, झोप येते.

अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर झालेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. दवाखान्यात आठवड्याला एक तास, शिवाय घरी सराव, अशी १२ आठवडे थेरपी घेतलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी फक्त पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होतं, आणि तुलनेसाठी दिलेल्या, खरा उपचार नसलेल्या दिखाऊ व्यायामांच्या गटात ३५ टक्के. म्हणजे 'पेन्सिल बघत बसा' एवढाच सल्ला मिळाला असेल, तर त्यातून फार आशा धरू नका.

दुसरी बाजूही ऐका. ९ ते १४ वर्षांच्या मुलांवरची पुढची मोठी चाचणी २०१९ मध्ये आली. तिच्यात १६ आठवड्यांच्या थेरपीनंतर वाचलेलं समजण्याची क्षमता दिखाऊ थेरपीच्या गटापेक्षा जास्त वाढली नाही. डिस्लेक्सिया हा मुळात भाषेतले आवाज आणि अक्षरं यांची सांगड घालण्यातला अडथळा आहे, आणि तो डोळ्यांच्या व्यायामाने किंवा रंगीत काचांनी जातो याला शास्त्रीय आधार नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्तपणे सांगितलं आहे.

मग अभ्यासात अडकणाऱ्या मुलाला थेरपीचा उपयोग काय? डोळ्यांचा दोष खरोखर असेल, तर वाचताना होणारा त्रास कमी होतो आणि मूल पुस्तकासमोर जास्त वेळ बसू शकतं. त्या वेळेत त्याला वाचायला शिकवायचं काम शिक्षकांचं आणि आपलं.

## टप्पा १: आधी धोक्याच्या खुणा बघा

खालीलपैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा:

- अचानक दोन-दोन दिसायला लागणं, पापणी पडणं, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं
- डोकेदुखीबरोबर उलट्या, विशेषतः सकाळी उठल्यावर
- आधी नसलेला तिरळेपणा अचानक दिसणं
- लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक
- डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारी गुंगी, बडबड, झटके
- तोंड वाकडं होणं, हातातलं बळ जाणं, बोलणं अडखळणं

शेवटच्या बाबतीत घड्याळ बघा. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. खेड्यातून निघून बेळगावात पोचायला लागणारा वेळही त्यातच मोजायचा.

## टप्पा २: घरी आठवडाभर निरीक्षण

डॉक्टरांसमोर मूल दहा मिनिटं छान वाचतं. त्रास सुरू होतो विसाव्या मिनिटाला, घरी, संध्याकाळी. म्हणून तुमची वही ही तपासणीतली महत्त्वाची वस्तू आहे. रोज एकदा पंधरा-वीस मिनिटं वाचायला बसवा आणि लिहून ठेवा: कितव्या मिनिटाला डोळे चोळले, ओळ कुठे सोडली, एक डोळा मिटून किंवा मान वाकडी करून वाचतो का, फळ्यावरून वहीत उतरवताना अडतो का.

सीमाभागातल्या मुलांच्या बाबतीत आपल्याकडे एक जादा खूण आहे. मूल मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या वाचतं. तिन्हींत पहिल्या चार-पाच ओळी बऱ्या जातात आणि मग गाडी घसरते, आकडे उतरवतानाही तसंच होतं, तर संशय डोळ्यांकडे जातो. उलट, मोठ्या अक्षरात एकेकटा लिहिलेला नवा शब्दसुद्धा पहिल्यापासून जुळवता येत नाही, पण तोच धडा तुम्ही वाचून दाखवला की सगळं समजतं, तर संशय वाचनाच्या शिक्षणाकडे जातो. फक्त कन्नडमध्येच अडत असेल, तर कदाचित घरात कन्नड कानावर पडत नाही एवढंच कारण असेल! ही खूण आहे, निदान नाही. दोन्ही अडचणी एकाच मुलात असू शकतात.

आणखी दोन गोष्टी घरी बघता येतात.

पेनाचं टोक. मुलाच्या नाकासमोर हातभर अंतरावर पेन धरा आणि सावकाश नाकाकडे आणा. 'दोन दिसले की सांग' म्हणा, पण त्याच्या उत्तरापेक्षा डोळ्यांकडे लक्ष ठेवा. बरीच मुलं काहीच सांगत नाहीत, एक डोळा मात्र बाहेर सरकलेला दिसतो. साधारण ६ सेंटिमीटरपर्यंत दोन्ही डोळे टिकायला हवेत. चार-पाच वेळा करा, कारण थकल्यावर अंतर वाढतं.

एक डोळा झाकून. दोन दिसत असताना एक डोळा झाकला की एकच दिसतं का? तसं असेल तर दोष दोन डोळ्यांच्या जुळण्यात आहे. एका डोळ्यानेसुद्धा दोन दिसत असतील तर चष्म्याचा नंबर, बुबुळ किंवा मोतीबिंदू बघावा लागतो.

*चूक:* सहा-सात वर्षांचं मूल 'बी' आणि 'डी' उलटं लिहितं किंवा 'घ'-'ध' यांत गोंधळतं म्हणून डोळे बिघडले असं समजणं. या वयात ते नेहमीचं आहे.

## टप्पा ३: कागद, फोन आणि महिना ठरवणं

सोबत नेण्यासाठी एका पिशवीत एवढं ठेवा: निरीक्षणाची वही, जुने चष्मे (मोडलेलेसुद्धा), आधीचे रिपोर्ट, शाळेच्या तिन्ही भाषांच्या वह्या, चालू औषधांची नावं. मूल वेळेआधी जन्मलं असेल, जन्मल्यावर रडलं नसेल, साखर कमी झाली असेल किंवा काचेच्या पेटीत ठेवलं असेल, तर त्या वेळचा डिस्चार्ज कागद अवश्य शोधा. त्याने तपासणीची दिशाच बदलते.

बेळगावात बिम्सचं (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं) जिल्हा रुग्णालय आणि नेहरूनगरमधलं केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय, दोन्हीकडे नेत्रविभाग आहे. डोळ्यांची मूळ तपासणी इथून सुरू करावी. मात्र थेरपीची सोय प्रत्येक नेत्रविभागात असतेच असं नाही. म्हणून निघण्याआधी फोनवर, दोन्ही डोळे जुळतात का ते बघणाऱ्या तपासणीचं (बायनॉक्युलर व्हिजन) आणि ती करणाऱ्या दृष्टितपासनीसाचं (ऑप्टोमेट्रिस्ट) नाव घेऊन नेमकं विचारा: "बायनॉक्युलर व्हिजनची तपासणी करता का? ती करणारे ऑप्टोमेट्रिस्ट कोणत्या दिवशी असतात?" बेळगावातून हुबळी किंवा कोल्हापूर गाठायचं तर शंभर-सव्वाशे किलोमीटरचा प्रवास आहे, नुसतं 'डोळे तपासता का' विचारून निघू नका. गुंतागुंतीच्या प्रकरणात, विशेषतः मेंदूच्या दुखापतीनंतर, चेन्नईचं शंकर नेत्रालय किंवा हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था अशी नावं डॉक्टर सुचवतात. तिथे जायचं ते पक्कं निदान आणि व्यायामाचा आराखडा घेण्यासाठी. दर आठवड्याची थेरपी तितक्या लांब जमणारी नाही.

अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक दृष्टिदोष आणि शिकण्यातल्या अडचणी दोन्ही बघतं, आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतं. खर्चाची ओढाताण असेल तर मुख्याध्यापकांना त्याबद्दल आधी विचारा.

महिन्याचा विचार करा. थेंब टाकून होणारी तपासणी दसऱ्याच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत बसवा. थेरपीला सलग १२ आठवडे लागतात, म्हणून वार्षिक परीक्षेच्या तोंडावर सुरू करू नका. कणकुंबी-जांबोटीकडच्यांनी जून-जुलैचा मुहूर्त धरू नये. तिकडच्या पावसात दर आठवड्याला शहरात येणं होत नाही, दोन भेटी चुकतात आणि मग सगळंच सुटतं.

## टप्पा ४: तपासणी, आणि थेंब सगळ्यात शेवटी

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बाहुली मोठी करणारे थेंब टाकले की फोकस करणारे स्नायू सैल पडतात. त्यानंतर जवळच्या नजरेची कुठलीही चाचणी खरी येत नाही. तरी गर्दीच्या ओपीडीत नोंदणी होताच रांगेत थेंब पडतात. नर्सबाईंना आधीच सांगा: "जवळच्या नजरेची तपासणी करायची आहे, थेंब नंतर टाका."

क्रम असा हवा:

1. लांबची आणि जवळची नजर, प्रत्येक डोळ्याची वेगळी
2. कव्हर टेस्ट: एक डोळा झाकून-उघडून लपलेला तिरळेपणा बघणं, लांब आणि जवळ दोन्हीकडे
3. डोळे आत वळण्याचं सर्वांत जवळचं अंतर, सेंटिमीटरमध्ये
4. प्रिझमच्या (प्रतिमा बाजूला सरकवणाऱ्या काचेच्या) पट्टीने डोळे किती ताण सोसतात ते
5. फोकसची ताकद, आणि फ्लिपर भिंगांनी (दांडीवरच्या, उलटसुलट फिरवायच्या भिंगांच्या जोड्यांनी) फोकस किती पटापट बदलतो ते
6. खोलीची जाणीव, नजरेच्या हालचाली
7. १५ प्रश्नांची लक्षणांची प्रश्नावली. मुलांमध्ये १६ किंवा जास्त गुण आले तर त्रास लक्षणीय धरतात, मोठ्यांत २१
8. मग थेंब, चष्म्याचा नंबर आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी

फोकसच्या ताकदीचा ढोबळ हिशोब तुम्हालाही करता येतो. १५ मधून वयाचा पाव भाग वजा करा. १० वर्षांच्या मुलात किमान १२.५ डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं माप) हवेत, म्हणजे साधारण ८ सेंटिमीटरपर्यंत बारीक अक्षर स्पष्ट दिसायला हवं.

*तपासा:* रिपोर्टवर क्रमांक ३, ४ आणि ५ समोर आकडे लिहिलेत का? नुसतं 'नॉर्मल' लिहिलं असेल तर तिथेच आकडे मागून घ्या. तीन महिन्यांनी सुधारणा कशाशी ताडणार?

*सावधान:* थेंबांनंतर जवळचं धूसर दिसतं आणि उन्हाचा त्रास होतो. साध्या थेंबांचा परिणाम एक ते तीन दिवसांत जातो. अॅट्रोपिन हे जास्त काळ टिकणारं औषध दिलं असेल तर आठवडा ते दोन आठवडे. शाळेला चिठ्ठी द्या. अॅट्रोपिनची ट्यूब घरातल्या लहानग्यांच्या हाती लागू देऊ नका, ते पोटात गेलं तर विषारी आहे.

## टप्पा ५: चष्मा आणि पट्टी

नंबर निघाला तर आधी चष्मा, आणि तो पूर्णवेळ. किमान दोन आठवडे, शक्यतो महिनाभर वापरून पुन्हा मोजमाप करा. कित्येक मुलांचा त्रास इथेच सुटतो आणि थेरपीची गरजच उरत नाही. विशेषतः प्लस नंबरची मुलं लांबचं छान बघतात, त्यामुळे शाळेतल्या फळ्याच्या तपासणीत सुटतात आणि जवळच्या कामात दमतात.

एक डोळा आळशी असेल, म्हणजे चष्मा लावूनही त्याची नजर कमी असेल, तर चांगल्या डोळ्यावर पट्टी हा मूळ उपचार आहे. मध्यम दोषात रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच काम करते, असं चाचण्यांत दिसलं आहे. पण तास डॉक्टरच ठरवतील. सात वर्षांच्या आत सुरू केलं तर फायदा जास्त. नंतरही काही मुलांत होतो, त्यामुळे 'आता वय गेलं' असं कुणी सांगितलं तरी एकदा विचारून घ्या.

*चूक:* व्यायाम, त्राटक किंवा डोळ्यांचा योग करून चष्मा सुटेल म्हणून तो कपाटात ठेवणं. नंबर डोळ्याच्या आकारातून येतो, सरावाने तो आकार बदलत नाही. आणि डोळ्यात मध, तूप, पाल्याचा रस घालू नका. जखम आणि जंतुसंसर्ग एवढंच त्यातून मिळतं.

## टप्पा ६: वाचनाची तपासणी वेगळी, आणि मराठीतून

डोळ्यांचं काम सुरू झालं म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नका. मूल साधारण आठ वर्षांचं झालं की अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सियासारख्या अडचणींची) चाचणी करता येते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ती करतात, त्यासाठी बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तयार केलेला चाचणीसंच वापरात आहे.

आपल्या भागातला धोका भाषेचा आहे. मराठी माध्यमातल्या मुलाची वाचनचाचणी कन्नडमधून किंवा इंग्रजीतून झाली, तर निकाल वाईट येणारच. मूल ज्या भाषेत शिकतं त्या भाषेचे उतारे आहेत का, हे भेटीची वेळ घेतानाच विचारा. नसतील तर मुलाची पाठ्यपुस्तकं आणि त्याच्या खालच्या दोन इयत्तांची पुस्तकं सोबत न्या आणि त्यातून वाचून घ्यायची विनंती करा. मराठी येणारा परीक्षक मिळेपर्यंत थांबणं परवडतं, चुकीचा शिक्का परवडत नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. डोळे आत न वळण्याचा दोष त्यात नाही. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल, तर अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं. थेरपी केंद्राचा कागद चालत नाही. तुम्ही उपचार कोल्हापुरात घेत असलात तरी मूल कर्नाटक बोर्डाचं असेल तर नियम कर्नाटकाचे लागतात. नववीतच मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा.

## टप्पा ७: मेंदूला मार, पक्षाघात, जन्मवेळची इजा

निपाणी ते बेळगाव हा महामार्गाचा पट्टा दुचाकीवाल्यांना परिचयाचा आहे, आणि हेल्मेटशिवाय पडलेल्यांपैकी बरेच जण हाड जुळल्यावर म्हणतात, "सगळं बरं आहे, पण पेपर वाचवत नाही." डोक्याच्या साध्या धक्क्यानंतरही डोळे आत वळणं आणि फोकस बदलणं बिघडू शकतं. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू रोजची कामं. बहुतेकांचा त्रास दोन ते चार आठवड्यांत आपोआप कमी होतो. त्याहून जास्त टिकला तर टप्पा ४ ची पूर्ण तपासणी.

औषधं आधी बघा. झटक्यांसाठी दिलेल्या फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिनचं रक्तातलं प्रमाण वाढलं तर दोन दिसतं, डोळे थरथरतात, तोल जातो. व्यायाम सुरू करण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना हे विचारा. गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही, झटका येईल.

दोन दिसत असेल तर. डोळ्याच्या नसेला इजा झाली असेल तर ती भरून यायला वेळ द्यावा लागतो. शस्त्रक्रियेचा निर्णय साधारणपणे सहा महिने तरी थांबून, मोजमाप स्थिर झाल्यावर घेतात. तोवर चष्म्यावर चिकटवायची फ्रेनेल प्रिझमची (पातळ प्लास्टिकची) पट्टी किंवा एका काचेवर दुधी टेप हे उपाय असतात. डोळा पूर्ण झाकला तर त्या बाजूचं दिसत नाही, पायरीचा अंदाज चुकतो. म्हणून झाकण कसं आणि किती वेळ हे विचारूनच. मधुमेह्यांत अशी नस बरेचदा तीनेक महिन्यांत आपोआप सुधारते.

अर्धी बाजू दिसत नसेल तर. पक्षाघातानंतर दोन्ही डोळ्यांची उजवी किंवा डावी बाजू जाते. घरचे म्हणतात, "एक डोळा गेला." एक डोळा झाकून बघा: दोन्ही डोळ्यांना तीच बाजू दिसत नसेल, तर बिघाड मेंदूत आहे. फिल्ड टेस्ट, म्हणजे नजरेला आजूबाजूचा किती भाग दिसतो ते मोजणारी तपासणी, करून घ्या. गेलेली बाजू पहिल्या काही महिन्यांत थोडीफार परत येऊ शकते. व्यायामाने ती परत आणता येते याला भक्कम पुरावा नाही. शिकवायचं असतं ते नजर मुद्दाम त्या बाजूला नेणं:

1. मोठ्या ताटात बाटल्यांची वीसेक रंगीत झाकणं पसरा. डोकं स्थिर ठेवून, न दिसणाऱ्या बाजूच्या कडेपर्यंत नजर नेऊन सगळी शोधायची.
2. जमलं की तेच भिंतीवर, चिठ्ठ्या लावून.
3. मग घरात चालताना, दाराच्या चौकटीत थांबून आधी 'त्या' बाजूला बघून मग पाऊल. बाजारात शेवटी.

वाचताना डावी बाजू गेलेल्याला ओळीची सुरुवात सापडत नाही. पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावा आणि पट्टी दिसेपर्यंत नजर मागे न्यायला सांगा. उजवी बाजू गेलेल्याला पुढचा शब्द दिसत नाही. त्याने ओळीखाली पट्टी किंवा बोट धरून पुढे ढकलत वाचावं.

*तपासा:* माणूस ताटातली डावीकडची भाजी तशीच ठेवतो, एकाच गालाची दाढी करतो, आणि 'मला सगळं दिसतंय' म्हणतो? मग हे नुसतं न दिसणं नसून त्या बाजूकडे मेंदूचं लक्षच न जाणं असू शकतं. त्याचा सराव ऑक्युपेशनल थेरपिस्टबरोबर करायचा. घरच्यांनी 'मुद्दाम करतोय' म्हणून रागावू नये.

व्यायाम किती? पाच मिनिटांपासून सुरुवात. आधी डोकेदुखी, चक्कर, मळमळ यांना शून्य ते दहा गुण द्यायला सांगा. सरावात गुण दोनपेक्षा जास्त चढले की थांबा, पूर्ववत झाल्यावरच पुढे. झटके येत असतील तर लुकलुकणाऱ्या पडद्यावरचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत.

*सावधान:* दोन दिसत असताना किंवा बाजू गेलेली असताना गाडी चालवायची नाही. शेतावरच्या ट्रॅक्टरलाही हेच लागू.

लहान बाळांबद्दल थोडं. जन्मताना गुदमरलेल्या किंवा साखर कमी झालेल्या बाळाचे डोळे तपासणीत 'नॉर्मल' येतात, तरी ते बघत नाही, कारण इजा मेंदूच्या दृष्टीच्या भागाला असते. इथे टप्पा ८ मधले दोरा-मणी उपयोगाचे नाहीत. साध्या एकरंगी चादरीवर एकच लाल किंवा पिवळी वस्तू ठेवा, ती हळू हलवा, टीव्ही बंद करा, आणि बाळाला बघायला भरपूर वेळ द्या. दहा खेळणी एकदम समोर टाकली की ते कशाकडेच बघत नाही. सुरुवात जितकी लवकर तितकी बरी, म्हणून वर्ष पुरं व्हायची वाट बघू नका.

## टप्पा ८: घरचा सराव

तिरळेपणा जुना असेल, तर हा टप्पा स्वतःहून सुरू करू नका. मेंदूने वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली एका डोळ्याची प्रतिमा सरावाने जागी झाली आणि डोळे जुळले नाहीत, तर कायमचं दोन दिसू शकतं.

बाकीच्यांनी आठवड्यातून पाच दिवस, रोज १५ मिनिटं, थेरपिस्टने आखून दिल्याप्रमाणे. चष्मा घालून, खिडकीच्या उजेडात, मूल दमलेलं नसताना. रात्री जेवल्यावर जांभया देत केलेला सराव वाया जातो.

दोरा-मणी. दीड ते तीन मीटर पांढरा दोरा, लाल, पिवळा, हिरवा असे तीन मोठे मणी. एक टोक खिडकीच्या गजाला डोळ्यांच्या उंचीवर बांधा, दुसरं नाकाच्या शेंड्याला टेकवून धरा. जवळचा मणी ४० सेंटिमीटरवर, दुसरा मीटरभर, तिसरा टोकाला.

मूल एका मण्याकडे बघतं तेव्हा त्याला दोरे दोन दिसायला हवेत, आणि ते बरोबर त्या मण्यावर एकमेकांना छेदायला हवेत. बाकीचे मणी दोन-दोन दिसतील, ते योग्यच आहे. पालक इथे घाबरतात आणि व्यायाम बंद करतात! फुली मण्याच्या पलीकडे पडत असेल तर डोळे कमी वळताहेत, अलीकडे पडत असेल तर जास्त. एकच दोरा दिसला तर एका डोळ्याची प्रतिमा मेंदू दाबतोय: दोरा हलकेच हलवा, पापण्या मिटवा, पुन्हा बघा. तरी एकच राहिला तर थेरपिस्टना कळवा.

प्रत्येक मण्यावर पाच सेकंद, मग पुढचा, मग परत. फुली स्थिर झाली की जवळचा मणी दोन-तीन सेंटिमीटर अलीकडे. आठवड्यात पाच सेंटिमीटर सरकला तरी भरपूर. 'किती दोरे दिसतात, फुली कुठे पडते' हे मुलाला बोलायला लावा, नाहीतर ते नुसतं दोऱ्याकडे टक लावून बसतं.

मोठा-छोटा तक्ता. फोकस बदलण्यासाठी. कागदावर दहा ओळी, प्रत्येकीत दहा अक्षरं, साधारण दोन सेंटिमीटर उंचीची. तीन मीटरवर भिंतीला. तीच अक्षरं वर्तमानपत्राच्या आकारात एका पुठ्ठ्यावर, हातात. एक डोळा झाकून एक ओळ भिंतीवरची, एक हातातली, स्पष्ट दिसल्यावरच वाचायची. दर दिवशी पुठ्ठा थोडा जवळ. मात्रा नसलेली साधी अक्षरं घ्या. वाचनात अडणाऱ्या मुलासाठी आकडे किंवा गोल-चौकोन काढा, नाहीतर डोळ्यांचा सराव राहतो बाजूला आणि रोज संध्याकाळी अक्षरांवरून रडारड होते.

भिंगं, प्रिझम, फ्लिपर ऑनलाइन मागवू नका. चुकीच्या ताकदीचं भिंग त्रास वाढवतं.

## टप्पा ९: पुन्हा मोजा, आणि थांबा

चौथ्या आणि आठव्या आठवड्याला तीच मोजमापं, त्याच व्यक्तीकडून घेतली तर उत्तम. आठ आठवड्यांत, घरचा सराव नीट होऊनही, एकही आकडा हलला नसेल तर निदानावर पुन्हा विचार व्हायला हवा. पॅकेज वाढवून उपयोग नाही. बारा ते सोळा आठवड्यांनंतर आकडे वयाला साजेसे आले तर थेरपी थांबते. 'टिकवण्यासाठी' वर्षभर यायला सांगितलं, तर नेमका कुठला आकडा अजून कमी आहे ते लेखी मागा.

पैसे भरण्याआधीच हे प्रश्न विचारलेले बरे: निदानाचं नाव काय, कोणते आकडे सुधारायचेत, कितव्या आठवड्याला मोजणार, नाही सुधारलं तर काय. 'डिस्लेक्सिया जाईल', 'चष्मा सुटेल', 'मार्क वाढतील' यांपैकी एकाचीही हमी कुणी देत असेल तर तिथून उठा.

थेरपी चालू असेपर्यंत शाळेकडून एवढं मागून घ्या: पुढच्या बाकावर जागा, फळ्यावरचं उतरवायला जादा वेळ, वीस मिनिटांच्या वाचनानंतर दोन मिनिटं खिडकीबाहेर बघायची मुभा. ही मागणी मुख्याध्यापकांच्या नावे कागदावर द्या, एक प्रत आपल्याकडे ठेवा, आणि पुढच्या वर्गशिक्षकांना जूनमध्ये तीच प्रत पुन्हा दाखवा.